झाकण लावायची घाई नको

जमिनीखालचं धान्याचं पेव उघडायचं म्हणजे आधी कंदील. जुनी माणसं दोरीला कंदील बांधून आत सोडायची. तो तेवत राहिला तरच माणूस उतरणार. विझला, तर पेवाचं तोंड तसंच उघडं ठेवून वाट बघत बसणार. आत ज्वारी असते, ती श्वास घेते, आणि कोंडलेली हवा संपवून टाकते. ज्याने घाई केली तो वर आला नाही, अशी एखादी गोष्ट मराठवाड्यातल्या बहुतेक जुन्या गावांत ऐकायला मिळते. पेवातल्या ज्वारीला सोंडा लागायचा नाही, तोही याच कारणाने. हवा नाही तर किडा नाही.

हे आठवलं ते वाटूर फाट्यावर. जालन्याहून येणारा, परतूरला वळणारा, मंठ्याकडे जाणारा माणूस इथे चहाला थांबतोच, आणि मे महिना असला की बोलणं आंब्यावर येतं. बोलता बोलता एकाने खिशातून प्लास्टिकची एक जाड पिशवी काढून दाखवली. निर्यातीचा माल बागेतच या पिशवीत हवाबंद करून द्यायचा, म्हणे. आंबा टिकतो जास्त, आणि आतली अळी गुदमरून मरते ती वेगळीच. "पेवासारखं," असं तो म्हणाला आणि चार माना हलल्या. माझीही हलली, खोटं कशाला बोलू. घरी येईपर्यंत मात्र ते डोक्यात टोचत राहिलं.

ज्यांचा केशर, ज्यांचं डाळिंब एखाद्या निर्यातदारामार्फत अमेरिकेच्या वाटेला लागण्याची शक्यता आहे, त्यांना माझी विनंती आहे: किडीसाठी द्यायचा किरणोपचार होईपर्यंत फळ हवाबंद करू नका. पिशवीत नको, गच्च झाकणाच्या डब्यात नको, ताडपत्रीत गुंडाळून गाडीत रात्रभर तर नकोच. कोंडलेल्या हवेचा फायदा आहे, पण तो किरणांनंतरचा आहे. आधी कोंडली तर तीच हवा किड्याच्या बाजूने उभी राहते.

असं का, ते नीट सांगतो. कारण न सांगता दिलेला सल्ला आपल्याकडे कुणी पाळत नाही, आणि पाळूही नये.

अमेरिकेने आपला आंबा 1989 पासून बंद केला होता. तो पुन्हा गेला एप्रिल 2007 मध्ये, म्हणजे तब्बल अठरा वर्षांनी. भांडण चवीचं नव्हतं, दोन किड्यांचं होतं. एक फळमाशी. तिची मादी फळाच्या सालीखाली अंडी घालते, दोन-तीन दिवसांत अळी निघते आणि गर खात आत शिरते. पूर्ण वाढली की बाहेर उडी मारून मातीत कोष करते. दुसरा कोयीतला भुंगा. हा तर पक्का चोर. आंबा सुपारीएवढा असताना त्याचं अंडं सालीवर पडतं, अळी कोयीत शिरते, मागचा व्रण भरून येतो आणि फळ वरून एकदम निर्मळ दिसतं. पेटीतला सगळ्यात देखणा आंबा चिरावा आणि बाठा फोडल्यावर आतून काळा भुंगा चालत बाहेर यावा, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. गरम पाण्याचा उपचार अशा कोयीत पुरता पोचत नाही. युरोपला जाणारा आंबा 48 अंशांच्या पाण्यात तासभर बुडवतात. तो फळमाशीसाठी आहे, आणि तोही 2014 मध्ये युरोपने आपला हापूस बंद केल्यावर आपल्याला सुचलेला उपाय आहे.

कोयीपर्यंत पोचतात ते किरण. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' केंद्र आहे. ते मुळात कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून उभं राहिलं, आणि 2007 चा आंबा तिथूनच गेला. पुढे वाशीला कृषी पणन मंडळाचं केंद्र झालं. दोन्हीकडे कोबाल्ट-60 वापरतात. हे कोबाल्ट एरवी खोल पाण्याच्या हौदात बुडवून ठेवलेलं असतं. माल जाड काँक्रीटच्या खोलीत गेला की ते वर काढतात, आणि पेट्या त्याच्याभोवती फिरून बाहेर येतात. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला कमीत कमी 400 ग्रे मात्रा द्यावी लागते. ग्रे हे किरणांचं माप आहे, एका किलोमागे एक ज्यूल ऊर्जा. 400 ग्रे म्हटलं की मोठा आकडा वाटतो, पण त्याने आंबा जेमतेम अंशाच्या दहाव्या भागाइतका गरम होतो. हाताला कळायचंही नाही. पण एवढीच मात्रा सजीवाला फार जड. माणसाच्या सबंध अंगावर एकदम चार-पाच ग्रे पडले तरी जिवावर बेततं. किडा किती चिवट, याचा अंदाज त्यावरून घ्या.

आणि इतकं करून किडा तिथल्या तिथे मरतोच असं नाही. आपल्या लोकांचं घोडं इथेच अडतं. औषध मारलं की किडा मेला पाहिजे, हा आपला हिशेब. किरणांचा हिशेब वेगळा आहे. अळी दोन-चार दिवस वळवळत राहील, पण तिचा कोष होणार नाही, झालाच तर त्यातून माशी बाहेर पडणार नाही. भुंगा चालेल, पण त्याचा वंश तिथेच संपला. समोरच्या देशाला एवढंच पुरतं. त्यांना जिवंत अळीची भीती नाही, त्या अळीच्या नातवंडांची भीती आहे. म्हणून किरणोपचार झालेल्या फळात तिकडे हलणारी अळी सापडली तरी तेवढ्यावरून माल नापास होत नाही. दुसऱ्या कुठल्याही उपचारात ही सवलत नाही.

पण याचा अर्थ असाही होतो की उपचार बरोबर झाला की नाही, हे फळाकडे बघून कुणालाच सांगता येत नाही. ना तुम्हाला, ना तिकडच्या साहेबाला. डोळ्यांना काही दिसत नाही, वास येत नाही, साल बदलत नाही. भरवसा फक्त दोन गोष्टींवर. पेटीतल्या सगळ्यात कमी किरण पोचणाऱ्या जागेपर्यंत ठरलेली मात्रा गेली का, आणि ती पडताना आतली हवा कशी होती.

आता हवेकडे येतो.

किरण किड्याच्या अंगात शिरतात तेव्हा सगळं नुकसान ते स्वतः करत नाहीत. अंगातल्या पाण्याचे तुकडे होतात, ते तुकडे पेशींवर तुटून पडतात. ऑक्सिजन हजर असला तर तो या मारामारीत हात घालतो आणि झालेली जखम पक्की करून टाकतो, मग ती भरून येत नाही. ऑक्सिजन नसला तर बऱ्याच जखमा पेशी स्वतःच बुजवते. म्हणजे तेवढीच मात्रा, पण मार अर्धवट. शिवाय काही काळ कोंडून राहिलेला कीटक अंग आवळून बसतो, अशा माऱ्याला तोंड द्यायची तयारी करतो. गंमत अशी की हे ज्यांनी खोलवर तपासलं त्या ब्रिटिश शास्त्रज्ञाचं नाव लुई हॅरॉल्ड ग्रे. कर्करोगाच्या ज्या गाठीत रक्त पोचत नाही, म्हणजे ऑक्सिजन पोचत नाही, तिथे किरणांचा उपचार कमी का पडतो, हे 1953 च्या सुमारास त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं. पुढे 1975 मध्ये किरणांच्या मापाला त्यांचंच नाव मिळालं. आपल्या आंब्याच्या कागदावर 400 च्या पुढे जे 'ग्रे' लिहिलेलं असतं, ते याच माणसाचं नाव.

अजून खात्री पटत नसेल तर हीच गोष्ट मुद्दाम उलटी करणाऱ्यांकडे बघा. मेक्सिको आणि ग्वाटेमालात फळमाश्या वाढवायचे कारखाने आहेत. हो, वाढवायचे. तिथे लाखोंनी नर माश्या तयार करतात, किरणांनी वांझ करतात आणि बागांवर सोडतात, म्हणजे रानातल्या माद्यांची अंडी फुकट जावीत. या वांझ नराने धडधाकट राहायला हवं, नाहीतर मादी त्याला विचारणार नाही. म्हणून अशा कामात किरण देण्याआधी माशीचे कोष पिशवीत भरतात, तोंड बंद करतात आणि काही वेळ तसेच ठेवतात. आतला ऑक्सिजन कोषच संपवतात, मग किरण. माशी वांझ होते, पण मरतुकडी होत नाही. फाट्यावर ती पिशवी दाखवणारा माणूस अळीला मारण्यासाठी जे सांगत होता, तेच हे लोक माशीला जपण्यासाठी करतात.

मग पेवाचं काय? पेवात तर किडा मरतो. मरतो, पण त्याला आठवडे लागतात आणि हवा जवळजवळ पूर्ण संपावी लागते. ज्वारी चार महिने, वर्षभर पडून असते. आंब्याला तेवढा वेळ आहे कुठे? बागेतून केंद्रापर्यंत एक रात्र, फार तर दोन दिवस. एवढ्यात अळी मरत नाही, फक्त सावध होते.

रात्रभरात एवढी हवा कशी संपेल, असं कुणी म्हणेल. तर हे घरी करून बघा, मी केलं आहे. पिकायला आलेल्या आंब्यांनी एक पत्र्याचा डबा गळ्यापर्यंत भरा. झाकण घट्ट बसवा, कडेला ओल्या कणकेची वात लावा. सकाळी झाकण थोडंसंच सरकवून जळती काडी आत धरा. काडी आंब्याला टेकायच्या आतच विझते, पाण्यात बुडवल्यासारखी. झाकण पूर्ण काढून हात घातला तर आतला आंबा कोमट लागतो, आणि वास अगदी किंचित आंबूस येतो. हा नुसता डबा झाला. गच्च पिशवीतले आंबे उन्हातल्या गाडीत असले तर त्याहून कमी वेळ लागेल, कारण फळ जितकं गरम तितका त्याचा श्वास जोरात. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो, आणि तेवढा नसला की काडी आधी बोलते.

म्हणूनच 2009 मध्ये फळमाश्यांसाठी 150 ग्रे मात्रेचं जे आंतरराष्ट्रीय मानक स्वीकारलं गेलं, त्यातच बजावून ठेवलं होतं की हवा बदलून साठवलेल्या फळांवर हा उपचार वापरू नये. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. हवाईमध्ये पपईवर याचे प्रयोग झाले. कमी ऑक्सिजनच्या वेष्टनात कमी मात्रा दिली तर जास्त अळ्या तगल्या, पण पुरी 150 दिल्यावर मात्र माशी निघाली नाही. मग आपल्याकडे 400 असताना एवढी काळजी कशाला? प्रश्न रास्त आहे. पण ती वरची मात्रा जवळजवळ सगळ्या जातींच्या किड्यांना पुरावी म्हणून ठेवलेली शिल्लक आहे. आपण पिशव्या बांधून ती शिल्लक खाऊन टाकायची आणि मग नशिबावर सोडायचं, हा व्यवहार मला पटत नाही. आणि पटो न पटो, घेणाऱ्या देशाचा नियम मोडला तर माल जात नाही, तिथे हुज्जत घालायला आपण नसतो.

आता कमी ऑक्सिजनची खरी जागा कुठली? समुद्र. विमानाने आंबा दोन दिवसांत पोचतो, पण भाडं आंब्याचा भाव खाऊन टाकतं. जहाजाला तीन-चार आठवडे लागतात, तेवढ्यात आंबा पिकून उतरून जातो. म्हणून थंड कंटेनरमध्ये ऑक्सिजन कमी ठेवतात, फळाचा श्वास मंदावतो, ते झोपल्यासारखं पडून राहतं. जून 2022 मध्ये सुमारे साडेसोळा टन केशर अशा जलमार्गाने मुंबईजवळच्या बंदरातून अमेरिकेला निघाला. 2025 मध्ये भगवा डाळिंबाच्या 4,620 पेट्या समुद्रमार्गे न्यूयॉर्कला उतरल्या. हा मार्ग बसला तर मराठवाड्याच्या केशराला, आपल्याकडच्या डाळिंबाला त्याचा उपयोग आहे, आणि म्हणूनच आत्तापासून क्रम अंगवळणी पाडायला हवा. आधी मोकळ्या हवेत किरण, मग कंटेनरमधली कोंडलेली हवा. किरण पडतात त्या क्षणीच जे व्हायचं ते होऊन जातं. त्यानंतर ऑक्सिजन कितीही कमी करा, किड्याला त्याचा उपयोग नाही.

मोसंबीवाल्यांनी मध्येच विचारू नये की आमचं काय. आपली मोसंबी बहुतेक उत्तरेकडच्या बाजारात जाते, तिला हे किरण वगैरे लागत नाही. पण गच्च ताडपत्रीत श्वास कोंडून तीही बिघडते, एवढं तिच्या पेट्या उघडणाऱ्याला माहीत आहे.

बागेतलं काम याहून जुनं आणि कंटाळवाणं आहे, पण सांगायलाच हवं. किरण आहेत म्हणून अळी असलेलं फळ चालेल, असं नाही. केंद्रात जाण्याआधी माल तपासतात, आणि जी अळी तिथे सापडते तिच्यापायी बाकीचा मालही अडतो. झाडाखाली पडलेलं फळ रोज वेचा. ते उकिरड्यावर फेकलं म्हणजे माशीला जेवण वाढून दिलं. दोन हात खोल पुरा, किंवा जाड काळ्या प्लास्टिकमध्ये बांधून भर उन्हात टाका. हवाबंद पिशवीचा खरा उपयोग इथे आहे, ऊन आणि कोंडमारा मिळून आतल्या अळीचं काम करतात. मिथिल युजेनॉलचे गंध सापळे फळ पक्व व्हायच्या आधी लावा. त्यात फक्त नर अडकतात, म्हणून एकट्याने लावून भागत नाही, शेजारच्या बागेतही हवेत. बांधावरचं भांडण असेल तर ते सापळ्यापुरतं तरी बाजूला ठेवा. आणि पाऊस पडायच्या आत उतरवणी आटपा. वळवाची सर पडली की माशी वाढते, हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे.

पॅकिंगच्या बाबतीत: क्रेट भोकांचेच घ्या. आत कागद घाला, प्लास्टिकचं अस्तर नको. गाडी रात्रीची असली तर ताडपत्री वरून असू द्या, पण दोन्ही बाजूंनी वारा वाहू द्या. कुठे थांबली तर सावलीत. निर्यातीच्या शेवटच्या पेटीलाही भोकं असतात, त्यांवर बारीक जाळी असते. ती जाळी बाहेरची माशी आत येऊ नये म्हणून असते, हवा अडवण्यासाठी नसते, म्हणून त्यावर कुणी टेप लावत असेल तर हात धरा.

घरातल्या बायाबापड्यांच्या मनातला एक प्रश्न राहिला: किरण दिलेला आंबा खायचा का? खुशाल खा. एक्स-रे काढून आलेला माणूस घरी आल्यावर कुणाला किरण लावत नाही, तसा हा आंबाही लावत नाही. कोबाल्टचे किरण आंब्यातून निघून जातात. फळाला किरणोत्सारी करायला लागते तेवढी त्यांची ऊर्जाच नाही. भारतात अशा मालाच्या वेष्टनावर गोल वर्तुळातलं हिरव्या फुलासारखं चिन्ह छापावं लागतं. ते चिन्ह दिसलं म्हणून पेटी खाली ठेवू नका.

आणि कागद. मे 2025 मध्ये विमानाने गेलेल्या आंब्याच्या 15 खेपा अमेरिकेच्या विमानतळांवर अडकल्या. किडा सापडला म्हणून नव्हे, किरणोपचाराच्या कागदपत्रांतल्या चुकीपायी. परत न्या नाहीतर नष्ट करा, एवढाच पर्याय होता, आणि आंबा परत आणायचं भाडं आंब्याहून महाग. तो सगळा माल नष्ट झाला. जिथे उपचाराची खूण फळावर उमटतच नाही तिथे कागद हीच खूण. म्हणून आपल्या हातात जेवढा कागद आहे तेवढा तरी चोख ठेवा: बाग नोंदवलेली असू द्या, औषधाची तारीख वहीत असू द्या, आणि क्रेट भरले की प्रत्येकावर खडूने तोडणीची वेळ लिहा. व्यापाऱ्याने माल उचलताना एकदा विचारा की गाडी थेट केंद्रावर जाणार की वाटेत कुठल्या शीतगृहात थांबणार, आणि थांबणार असेल तर पिशवीत की उघडी. तो हसला तर हसू द्या. उत्तर ऐकल्याशिवाय क्रेट वर चढवू नका.